मायनिंगचं यंत्र घेण्याआधी

रेव्हनकॉइन, कास्पा, एर्गो, फ्लक्स. बिटकॉइन आणि इथेरियमपलीकडची ही नावं ज्यांच्या कानावर पडतात, त्यातले बरेच जण मायनिंगच्या वाटेनेच तिथवर पोचलेले असतात. घरात बसून बिटकॉइनचं मायनिंग करण्याचे दिवस केव्हाच सरले, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही छोटी नाणी साध्या ग्राफिक्स कार्डावर काढता येतात, असं कुठेतरी ऐकायला मिळतं. मुलाच्या गेमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये असं कार्ड असतंच, वापरलेली कार्डं स्वस्तात मिळतात आणि हिशेब सोपा वाटू लागतो: यंत्र एकदाच घ्यायचं, नाणी मात्र रोज येत राहणार.

हा हिशेब चुकतो, आणि तो कुठे चुकतो हे पैसे घालण्याआधी कळलेलं बरं. एखादं छोटं नाणं आपल्याकडे असावं असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर ते एक्स्चेंजवर विकत घ्या. महाराष्ट्रात घरच्या मीटरवर मायनिंग करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र बिटकॉइन घेताना जी बेफिकिरी चालून जाते, ती छोट्या नाण्याच्या खरेदीत चालत नाही. तिथे बाजार उथळ असतो, बनावट उलाढाल बरीच असते, आणि घेतलेलं नाणं हातात कसं येणार याची चौकशी आधीच करावी लागते.

क्रिप्टोत पैसे घालावेत की नाही, हा प्रश्न इथे सोडवत नाही. ज्यांनी तो स्वतःपुरता सोडवला आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एवढं मात्र सांगायलाच हवं की गुंतवलेली सगळी रक्कम बुडाली तरी घराचा हप्ता, मुलांची फी आणि आईवडिलांची औषधं यांना धक्का लागता कामा नये. छोट्या नाण्यांच्या बाबतीत हे अक्षरशः घ्या. रेव्हनकॉइनचा भाव फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे २८ अमेरिकी सेंटांपर्यंत गेला होता. २०२५ मध्ये बराच काळ तो एक-दीड सेंटाच्या आसपास होता.

कार्डं वाढली तरी नाणी तेवढीच

रेव्हनकॉइनचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण सामान्य माणसाला मायनिंग करता यावं म्हणूनच ते घडवलं गेलं. बिटकॉइनचा पहिला ब्लॉक निघाला त्याला बरोबर नऊ वर्षं झाली त्या दिवशी, म्हणजे ३ जानेवारी २०१८ रोजी, त्याचं जाळं सुरू झालं. कोड बिटकॉइनचाच, पण त्यात बदल केलेले: एकूण नाणी २१०० कोटी, दर मिनिटाला व्यवहारांचा एक गठ्ठा म्हणजे ब्लॉक, आणि गणित सोडवून तो काढणाऱ्याला बक्षीस, सुरुवातीला प्रत्येक ब्लॉकमागे ५००० नाणी. मायनिंगसाठीच बनवलेली खास यंत्रं, ज्यांना धंद्यातले लोक ‘एसिक’ म्हणतात, ती इथे घुसू नयेत म्हणून गणिताची पद्धत एकापेक्षा जास्त वेळा बदलली गेली. मे २०२० मध्ये आलेली ‘कावपाव’ पद्धत ग्राफिक्स कार्डं डोळ्यांपुढे ठेवूनच आखलेली आहे.

इतकं अनुकूल नाणं असूनही घरगुती मायनिंग का परवडत नाही, याचं उत्तर त्याच्या रचनेतच आहे. दर २१ लाख ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, बक्षीस निम्मं होतं. जानेवारी २०२२ मध्ये ते २५०० झालं, आणि २०२६ च्या सुरुवातीची कपात ते १२५० वर आणणारी. दिवसाचे १४४० ब्लॉक धरले तर २५०० च्या काळात रोज ३६ लाख नवी नाणी निघत, १२५० च्या काळात १८ लाख. जगभर कितीही कार्डं जोडली गेली तरी आकडा तोच राहतो. कार्डं वाढली की गणिताची काठिण्यपातळी आपोआप चढते आणि प्रत्येकाचा वाटा आक्रसतो.

हे किती झपाट्याने होतं ते १५ सप्टेंबर २०२२ ला दिसलं. त्या दिवशी इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली. तोवर इथेरियमवर राबणारी जगभरातली कार्डं एका रात्रीत बेकार झाली आणि त्यातली मोठी संख्या रेव्हनकॉइन, इथेरियम क्लासिक, एर्गो अशा नाण्यांकडे वळली. रोजची नाणी तेवढीच आणि वाटेकरी कितीतरी पट. आदल्या आठवड्यात ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर दिसणारी कमाई पाहून ज्यांनी नवी कार्डं घेतली असतील, त्यांचा हिशेब कार्डाचं खोकं उघडेपर्यंतच शिळा झाला. असे कॅल्क्युलेटर आजचा भाव आणि आजची काठिण्यपातळी घेऊन आजची कमाई सांगतात. तिला ३६५ ने गुणून वर्षाची कमाई काढणं ही मायनिंगमधली सगळ्यात महागडी सवय आहे.

कास्पाची गोष्ट आणखी बोलकी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेलं हे नाणं सुरुवातीला घरच्या कॉम्प्युटरवर निघत असे. पुढे ते ग्राफिक्स कार्डवाल्यांचं लाडकं झालं. मग २०२३ मध्ये त्याच्यासाठी खास एसिक यंत्रं बाजारात आली आणि काही महिन्यांतच ग्राफिक्स कार्डवर कास्पा काढण्यात अर्थ उरला नाही. ज्यांनी महागड्या किमतीला ती एसिक यंत्रं घेतली त्यांच्याही मागे दुहेरी घसरण लागली: जाळ्याची ताकद वाढत गेली, शिवाय कास्पाचं बक्षीस दर महिन्याला थोडं थोडं उतरत वर्षाकाठी निम्मं होईल अशीच त्याची आखणी आहे. ग्राफिक्स कार्ड निदान गेमिंगसाठी विकता तरी येतं. कास्पाचं एसिक कास्पाच्या जातीचं गणित सोडवण्यापलीकडे कशालाच उपयोगी पडत नाही.

बिलाची मागची बाजू

विजेचा मुद्दा सगळे बोलतात, पण आपल्याकडे तो ज्या तऱ्हेने चटका देतो ते फार थोडे जण मांडून बघतात. परदेशी व्हिडिओत विजेचा एकच दर धरलेला असतो. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं: शंभर युनिटपर्यंत एक दर, मग तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा आणि त्यापुढे सर्वांत वरचा. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घ्या. पद्धत समजावी म्हणून मी इथे वहन आकारासकट गोळाबेरीज दर धरतो: दुसऱ्या टप्प्याला ११ रुपये, तिसऱ्याला १४ आणि सर्वांत वरच्याला १६.

घरात महिन्याला २०० युनिट लागतात असं समजा. सहा-आठ कार्डांचा एक संच, पंख्यांसह, १००० वॉट ओढतो. दिवसरात्र चालू ठेवला तर दिवसाला २४ आणि महिन्याला ७२० युनिट. आता हे ७२० युनिट कुठल्या टप्प्यांत पडतात बघा. स्वस्त टप्पा घरानेच संपवलेला आहे. संचाचे पहिले १०० युनिट दुसऱ्या टप्प्यात, त्याचे ११०० रुपये. पुढचे २०० तिसऱ्यात, २८०० रुपये. उरलेले ४२० सगळ्यात वरच्या टप्प्यात, ६७२० रुपये. बेरीज १०,६२०, आणि तिच्यावर १६ टक्के वीज शुल्क धरलं की रक्कम १२,३०० च्या पुढे जाते. वर्षाला जवळपास दीड लाख. यात कार्डांची किंमत नाही आणि उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात त्या खोलीत लावावा लागणारा कूलरही नाही. कार्ड तापलं की त्याचे पंखे आधी जातात.

‘आमच्या छतावर सोलर आहे, आम्हाला वीज फुकट,’ असं काही जण म्हणतात. नेट मीटर असेल तर संचाने खाल्लेलं प्रत्येक युनिट तुमच्या बिलातून वजा झालं असतं, किंवा पुढच्या महिन्यासाठी जमा राहिलं असतं. ते युनिट तुम्ही मायनिंगला दिलंत, म्हणजे त्याची किंमत मोजलीतच. कारखान्याच्या, सोसायटीच्या किंवा वसतिगृहाच्या मीटरवर संच लावायचा विचार असेल तर ती वीजचोरी आहे, त्यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

आता या मासिक खर्चाला त्या महिन्यात संचाने काढलेल्या नाण्यांनी भागा. एका नाण्यामागे निव्वळ विजेचा खर्च किती पडला ते कळेल. तो आकडा एक्स्चेंजवरच्या भावाशेजारी ठेवा. खर्च भावाहून जास्त असेल तर तेच नाणं तुम्ही चढ्या दराने घेताय, आणि घरात उकाडा सोसताय. हा एक भागाकार यंत्र घेण्याच्या आधी करा, नंतर नको.

कर मायनिंगच्या विरोधात आहे

समजा तुमचा भागाकार जेमतेम जमला. तरी आपला करकायदा तो मोडतो, आणि या बाजूकडे मराठीत फारसं कुणी लक्ष वेधलेलं नाही म्हणून जरा थांबून सांगतो.

१ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो, म्हणजे ३१.२ टक्के. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ११५बीबीएच म्हणून आलं. नफा काढताना फक्त एकच गोष्ट वजा करता येते: नाणं मिळवण्याची किंमत, म्हणजे कायद्याच्या भाषेत संपादन खर्च. वीज, यंत्र, इंटरनेट, दुरुस्ती यातलं काही नाही. मायनिंगच्या पायाभूत सुविधांवरचा खर्च संपादन खर्च मानला जाणार नाही, हे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरात स्पष्ट केलं होतं.

याचा अर्थ आकड्यांत बघू. मायनिंग करणाऱ्याने ८०,००० रुपयांची वीज जाळून काढलेली नाणी एक लाखाला विकली. त्याच्या खिशात आलेला फायदा २०,००० चा, पण वीज वजा होत नसल्याने कर पूर्ण लाखावर: ३१,२०० रुपये. फायदा तर गेलाच, वर ११,२०० पदरचे गेले. तीच नाणी दुसऱ्याने एक्स्चेंजवर ८०,००० ला घेऊन लाखाला विकली. त्याचा कर २०,००० वर, म्हणजे ६२४० रुपये. हातात १३,७६० उरले. नाणं तेच, भाव तोच, गुंतलेली रक्कम तीच.

विकत घेणाऱ्यालाही या कायद्याची एक धार लागते, ती छोट्या नाण्यांत फार बोचते. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे तुम्ही दोन नाण्यांत पंचवीस-पंचवीस हजार घातले, एक दुप्पट झालं आणि एक मातीमोल झालं, तर दोन्ही विकल्यावर हातात घातले तितकेच पन्नास हजार आले. तरीही ७८०० रुपये कर भरायचा. शेअर बाजारातून आलेली माणसं ‘जोखीम वाटून टाकू’ म्हणून दहा-बारा छोटी नाणी थोडी थोडी घेतात. इथे ते अंगाशी येतं. अभ्यास करून एक किंवा दोन नाणी निवडणं या कायद्याखाली शहाणपणाचं आहे.

भाड्याची यंत्रं, दुसऱ्याचं मायनिंग

वीज नको, यंत्र नको, तुम्ही फक्त पैसे भरा, मायनिंग आम्ही करतो, अशी जाहिरात दिसली तर पान उलटा. पुण्याला हे नव्याने सांगायला नको. २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या गेनबिटकॉइन योजनेत मायनिंगच्या नावाखाली दिलेल्या बिटकॉइनवर दरमहा १० टक्के असे अठरा महिने परताव्याचं आश्वासन होतं, आणि पुढे देणी बिटकॉइनऐवजी योजनेच्याच ‘एमकॅप’ नावाच्या टोकनमध्ये दिली जाऊ लागली. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली; नंतर देशभरातली प्रकरणं सीबीआयकडे गेली. निवृत्तीचे पैसे घातलेली किती घरं त्यात पोळली. ज्याच्याकडे खरंच दरमहा १० टक्के देणारं यंत्र आहे, त्याला तुमच्या पैशांची गरज पडत नाही.

खरेदी: आधी दार, मग दुकान

विकत घ्यायचं ठरलं की भाव बघण्याआधी एक्स्चेंज बघा. मार्च २०२३ पासून भारतात क्रिप्टोचा व्यवहार करणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली येतात आणि त्यांना केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस या विभागाने बायनान्स, कूकॉइन, क्रॅकन, गेट डॉट आयओ, एमईएक्ससी अशा नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांची संकेतस्थळं इथे बंद झाली. यातल्या काहींनी नंतर दंड भरून नोंदणी केली. कमी परिचित नाणी नेमकी अशाच परदेशी एक्स्चेंजवर मुबलक मिळतात, म्हणून हा मोह मोठा असतो. नोंदणी नसलेल्या ठिकाणी व्हीपीएन लावून खातं उघडू नका. तिथे अडकलेल्या पैशांसाठी दाद मागायला जागा नाही.

नोंदणीकृत एक्स्चेंज सापडलं की तीन प्रश्न विचारा, उत्तरं त्यांच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक सेवेकडून मिळतात. हे नाणं थेट रुपयांत मिळतं का? मिळालेलं नाणं बाहेर, स्वतःच्या वॉलेटमध्ये काढता येतं का? आणि बाहेरून परत आत भरता येतं का? काही ॲपवर नाणं फक्त घेता आणि विकता येतं, हलवता येत नाही. अशा ठिकाणी तुमच्याकडे नाणं नसतं, त्यांच्या वहीत तुमच्या नावाची एक ओळ असते. फ्यूचर्सचं पान उघडून तिथे ‘खरेदी’ केली तरीही नाणं मिळत नाही, तो भावावरचा करार असतो. नवख्याने तिकडे फिरकू नये.

पहिल्या प्रश्नाला एवढं महत्त्व का, तर अनेक छोटी नाणी रुपयांत मिळत नाहीत. आधी रुपये देऊन यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं, घ्यायचं, मग ते देऊन हवं ते नाणं. भारतातल्या एक्स्चेंजवर यूएसडीटीचा भाव डॉलरच्या दरापेक्षा पुष्कळदा काही टक्के चढा असतो, ती पहिली कात्री. दोन्ही टप्प्यांवर शुल्क आणि शुल्कावर १८ टक्के जीएसटी, ही दुसरी. आणि यूएसडीटी देऊन नाणं घेणं ही कायद्याच्या नजरेत यूएसडीटीची विक्री असल्याने तिथे १ टक्का टीडीएसही कापला जातो, जो एरवी विकतानाच लागतो. टीडीएस विवरणपत्रात जुळवून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतात. रुपयांतली थेट खरेदी थोडी महाग दिसली तरी सगळं धरून ती स्वस्त पडण्याची शक्यता बरीच असते.

ओळखपाळख नसलेल्या माणसाशी थेट पैशांची देवघेव करून नाणी घेण्या-विकण्याचा पी-टू-पी मार्ग टाळा. विकताना समोरच्याकडून आलेले पैसे कुठल्या सायबर गुन्ह्यातले निघाले, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर कुणीतरी केलेल्या तक्रारीतून तुमचंही बँक खातं गोठवलं जाऊ शकतं. पगाराचं खातं असं बंद पडलं की ते सोडवायला दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

ऑर्डर बुक उघडून बघा

छोट्या नाण्याच्या खरेदीतला खरा खर्च शुल्कात नसतो, तो ऑर्डर बुकमध्ये, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या रांगांत, दडलेला असतो. ॲपच्या पहिल्या पानावर जो भाव मोठ्या अक्षरांत दिसतो तो शेवटच्या सौद्याचा असतो. त्या भावाला तुम्हाला हवी तेवढी नाणी मिळतील असं कुणी म्हटलेलं नाही. आठवडी बाजारात एकट्याने सगळी मेथी मागितली की शेवटच्या जुड्या चढ्या भावाने घ्याव्या लागतात, तसंच इथे होतं.

एक काल्पनिक पण नेहमी दिसणारं चित्र घेऊ. नाण्याचा दाखवलेला भाव ९० पैसे. विकणाऱ्यांच्या रांगेत ९० पैशांना ८००० नाणी आहेत, ९३ पैशांना १०,०००, ९८ पैशांना १२,००० आणि त्यानंतर एकदम १ रुपया ५ पैशांना ३०,०००. तुम्ही ५०,००० रुपयांची मार्केट ऑर्डर टाकली, म्हणजे ‘मिळेल त्या भावाने द्या’ असं सांगितलं. पहिल्या तीन पायऱ्या २८,२६० रुपयांत संपतात आणि ३०,००० नाणी मिळतात. उरलेल्या २१,७४० रुपयांची नाणी १.०५ ने घेतली जातात, सुमारे २०,७००. एकूण ५०,७०० नाणी, सरासरी भाव साडेअठ्ठ्याण्णव पैशांच्या वर. ९० पैशांनी साडेपंचावन्न हजार नाणी यायला हवी होती. एका बटणात सुमारे साडेनऊ टक्के जास्त मोजले, आणि पावतीवर शुल्काच्या रकान्यात यातला एक रुपयाही दिसणार नाही.

उपाय साधा आहे. लिमिट ऑर्डर टाका: ९० पैशांना द्या, नाहीतर थांबतो. रक्कम चार-सहा तुकड्यांत, काही दिवसांवर पसरवा. काही ऑर्डरी लागणार नाहीत, लागू नयेत. घाईच्या खरेदीसाठी दिलेलं ‘इन्स्टंट बाय’ बटण छोट्या नाण्यांसाठी वापरू नका; त्या भावात ॲपचा स्वतःचा नफा मिसळलेला असू शकतो.

घेण्याआधी रांगेची दुसरी बाजूही मोजा, कारण एक दिवस विकायचं आहे. कॉइनगेको आणि कॉइनमार्केटकॅप या दोन्ही ठिकाणी नाण्याच्या ‘मार्केट्स’ पानावर प्रत्येक एक्स्चेंजसमोर अधिक-उणे २ टक्के खोली दिलेली असते: भाव दोन टक्के हलवायला किती डॉलरची ऑर्डर पुरेल, तो आकडा. खालच्या बाजूची ही खोली तुमच्या रकमेच्या निदान दहापट नसेल तर तिथे तेवढी रक्कम घालू नये, असा माझा दंडक आहे. शेजारच्या रकान्यातल्या चोवीस तासांच्या उलाढालीवर मात्र भिस्त ठेवू नका. बिटवाइज या अमेरिकी कंपनीने मार्च २०१९ मध्ये तिथल्या बाजार नियामकासमोर मांडलेल्या विश्लेषणात बिटकॉइनची जाहीर होणारी ९५ टक्के उलाढाल बनावट असल्याचं म्हटलं होतं. बिटकॉइनची ही गत, तर फारसं कुणी न पाहणाऱ्या नाण्यांचं काय सांगावं.

मायनिंगची नाणी घेताना आणखी एक गणित करा. जगभरचे मायनर रोज नवी नाणी काढतात आणि वीजबिल भागवायला त्यातली बरीच विकतात. तुमच्यासमोरचा विक्रेता बहुधा तोच असतो. रोज १८ लाख रेव्हनकॉइन निघत असतील आणि भाव एक सेंट असेल, तर रोज १८,००० डॉलरचा नवा माल बाजारात येतो. एवढा माल उचलणारे गिऱ्हाईक रोज आहेत का? हा प्रश्न प्रत्येक मायनिंगच्या नाण्याला लावा. पुढची कपात कधी आहे, एकूण नाण्यांपैकी किती निघाली आहेत, हेही त्यातच येतं.

नाणं हातात घेणं

१८ जुलै २०२४ ला वझीरएक्स एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची क्रिप्टो चोरीला गेली. त्यानंतर क्रिप्टो काढणं थांबलं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये पुनर्रचनेनंतर एक्स्चेंज पुन्हा उघडेपर्यंत. ज्यांची नाणी चोरी झालेल्या वॉलेटमध्ये नव्हतीच, त्यांचीही अडकली. छोट्या नाण्यांना वाहिलेल्या एक्स्चेंजचा इतिहास तर आणखी खराब आहे. न्यूझीलंडचं क्रिप्टोपिया जानेवारी २०१९ च्या चोरीनंतर दिवाळखोरीत गेलं. मायनिंगच्या नाण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं ट्रेडओगर २०२५ मध्ये बंद पडलं आणि सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या पोलिसांनी त्याची साडेपाच कोटी कॅनेडियन डॉलरहून जास्त किमतीची क्रिप्टो जप्त केल्याचं जाहीर केलं.

म्हणून खरेदी पूर्ण झाली की नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवा. वॉलेट त्या नाण्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, जाहिरातीतल्या दुव्यावरून नको. पत्ता नीट तपासा: रेव्हनकॉइनचा पत्ता इंग्रजी मोठ्या ‘आर’ने सुरू होतो, कास्पाचा ‘कास्पा’ या शब्दाने. तुमचा पत्ता वेगळ्याच अक्षरांनी सुरू होत असेल तर थांबा, जाळं चुकलं आहे. आधी अगदी थोडी नाणी पाठवा, पोचल्यावर बाकीची. काढण्याचं शुल्क बहुतेक ठिकाणी प्रत्येक वेळी ठरावीक असतं, म्हणून पुढे तुकडे पाडू नका. वॉलेट सुरू करताना मिळणारे बारा किंवा चोवीस शब्द कागदावर लिहा. त्यांचा फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका. आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला तो कागद कुठे आहे ते माहीत असू द्या.

विकायच्या वेळी उलटा प्रवास करावा लागतो, तो हळू असतो. छोट्या जाळ्यांवर निम्म्याहून जास्त ताकद भाड्याने मिळवून व्यवहार उलटवता येतात. मे २०१८ मध्ये बिटकॉइन गोल्डवर आणि ऑगस्ट २०२० मध्ये इथेरियम क्लासिकवर हे घडलं. रेव्हनकॉइनमध्येही २०२० साली कोडमधल्या एका चुकीचा फायदा घेऊन कुणीतरी सुमारे ३० कोटी जादा नाणी निर्माण केली होती. असल्या अनुभवांमुळे एक्स्चेंज छोट्या नाण्यांच्या भरण्याला कितीतरी ब्लॉक थांबवून ठेवतात, कधी भरणाच बंद करतात. भाव उसळेल त्याच दुपारी वॉलेटमधून काढून लगेच विकू, असा बेत आखू नका. विक्रीचा विचार असेल तर काही भाग आदल्या दिवशीच आत नेऊन ठेवा. एक्स्चेंजच्या सूचनाही वाचत जा; बायनान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरोसारखं मोठं नाणं काढून टाकलं, तिथे छोट्यांना कोण विचारतो.

नोंदी ठेवण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. विवरणपत्रात क्रिप्टोसाठी वेगळा तक्ता असतो. त्यात प्रत्येक विक्रीची तारीख, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि विक्रीची रक्कम भरायची असते. खरेदीची किंमत सिद्ध करता आली नाही तर विकत घेतलेल्या नाण्याची अवस्था मायनिंगच्या नाण्यासारखीच होऊ शकते: पूर्ण रकमेवर कर. एक्स्चेंज बंद पडलं की त्याच्यासोबत तुमचा इतिहासही जातो. म्हणून व्यवहाराचा अहवाल दर महिन्याला उतरवून घ्या, वॉलेटमध्ये नाणी पाठवल्याचा ट्रान्झॅक्शन आयडी त्याच फाइलमध्ये चिकटवा, आणि जुलैत सीएकडे जाण्याआधी टीडीएसचे आकडे फॉर्म २६एएसशी जुळवून बघा.